सगळं लोण्यात

"हे कशात शिजवलंय ते जरा नीट विचारून घ्या," आप्पासाहेब बिवलकर म्हणाले.

पुढ्यातल्या लाल कोबीला त्यांनी अजून हात लावला नव्हता. ताटलीत कोबीचा ढीग, त्याच्या शेजारी बटाट्याचे दोन मोठे गोळे, वर वाफ. बाहेर नोव्हेंबरातला बोचरा वारा होता आणि आत लाकडी छताखाली लवंगेचा वास दरवळत होता.

मी वाढणाऱ्या बाईला हाक मारून विचारलं. पन्नाशीची, जाडजूड दंडांची बाई. माझा प्रश्नच तिला अजब वाटला.

"हंसाच्या चरबीत," ती म्हणाली. "दुसऱ्या कशात शिजवणार? सफरचंद, लवंग आणि चरबी. माझी आजीपण असाच करायची."

मी आप्पासाहेबांकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "लोण्यात. सगळं लोण्यात करतात म्हणे."

"उत्तम," ते म्हणाले. डोळे मिटून त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, ओठ हलवले आणि पहिला घास घेतला.

टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला प्राचार्य चौगुले बोटाएवढ्या सॉसेजची रांग लावून बसले होते. त्यांनी तिथे बसायचं हे विमानातच ठरलं होतं म्हणे. "तुम्ही काय वाटेल ते खा चौगुले, पण माझ्या वाऱ्याला नको," असं आप्पासाहेबांनी बजावलं होतं. चौगुले बिचारे हसत सांगत होते, जसं काही आपलाच मान झाला.

आप्पासाहेबांनी कोबी संपवला. मग जरा संकोचून म्हणाले, "मेहेंदळेबाई, आणखी थोडा मिळेल का हो?"

मिळाला. तोही त्यांनी निपटून खाल्ला. "मुंबई सोडल्यापासून दशम्या आणि मेतकुटावर होतो. परमुलखात असं सात्त्विक जेवण मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्यामुळे."

"माझं कामच आहे ते," मी म्हणाले.

तेव्हा मी न्यूर्नबर्गमध्ये दुभाष्याचं काम करत होते. बारा वर्षं झाली होती. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे जसंच्या तसं पोचवायचं, ही आमच्या धंद्याची एकुलती एक पुंजी. बारा वर्षांत मी एका शब्दाची अफरातफर केली नव्हती. पहिल्यांदा केली ती त्या सोमवारी दुपारी, आणि करताना जीभ अडखळली नाही. अडखळणार कशी? तीन आठवडे मी तिला तयार करत होते.

तीन आठवड्यांपूर्वी एजन्सीनं कागद पाठवला होता. महाराष्ट्रातल्या एका शिक्षण मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य इथल्या संस्थेशी करार करायला येणार, मुक्काम तीन दिवस. सोबत दुभाषा हवा, शक्यतो मराठी. आणि खाली ठळक अक्षरांत: अध्यक्ष कट्टर शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, तरी जेवणाच्या जागा सोबतच्या व्यक्तीनं आधी स्वतः पाहून ठरवाव्यात. त्याच्या वर नाव होतं. भालचंद्र विष्णू बिवलकर.

मी तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ हात धूत राहिले.

जेवणाच्या जागा मी खरंच पाहून ठरवल्या. एवढ्या काळजीनं की कुणी लेकीच्या लग्नाचं कार्यालयसुद्धा ठरवत नसेल. शहरात निखळ शाकाहारी जागा तेव्हा दोनच होत्या. एक स्टेशनापलीकडची, एका तमिळ जोडप्याची, तिथे सांबार-भात मिळायचा. दुसरी विद्यापीठाजवळ, शाळेसारखी बाकडी असलेली, डाळीच्या वड्या आणि गाजराचं सूप देणारी. त्या दोन्ही नावांवर मी काट मारली. मग रोज संध्याकाळी काम आटोपलं की एकेका खानावळीत जायचं, मुदपाकखान्याच्या दारापर्यंत जायचं आणि आचाऱ्याला विचारायचं, "मला पथ्य आहे. चरबी, मांसाचं पाणी अजिबात चालत नाही. काय देता येईल?"

बरेच जण म्हणत, "करू की काहीतरी." तिथून मी निघून यायचे.

ज्यांनी मान हलवली आणि "बाई, मग आमच्याकडे तुमच्यासारखीसाठी काही नाही" असं सांगितलं, त्या तीन जागा मी पक्क्या केल्या. सोमवारी नदीकाठची, मंगळवारी किल्ल्याखालची, बुधवारी चर्चच्या मागची. रात्री ते खोलीवर फळं आणि दूध घेणार होते, म्हणजे दुपारची तीनच जेवणं माझ्या हातात होती. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तो पुण्याचा, भला माणूस. त्यानं मला थांबवलं असतं.

विमानतळावर आप्पासाहेबांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. अकरा वर्षांची, परकर-पोलक्यातली पोर त्यांनी पाहिली असेल नसेल. मी मात्र त्यांना लांबूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण खाकरून मग बोलायची सवय तीच.

"मेहेंदळे म्हणजे मूळचे कुठले?" गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं होतं.

"यजमान पुण्याचे."

"छान, छान. म्हणजे आपल्यातल्याच. तुम्हाला काही समजावून सांगायला नको. मी निर्धास्त झालो."

मंगळवारी बटाट्याचं सूप होतं. किल्ल्याखालच्या त्या खानावळीत ते आदल्या रात्रीच चुलीवर चढवत. धुरावलेली डुकराची कातडी त्यात रात्रभर उकळायची आणि सकाळी काढून टाकायची, म्हणजे तुकडा दिसायला नको. वर कसल्याशा सुक्या पाल्याची पूड. दिसायला अगदी आजाऱ्याचं पथ्य.

"नुसता बटाटा आणि मीठ," मी सांगितलं.

आप्पासाहेबांनी दोन वाट्या घेतल्या. खाता खाता संस्थेच्या गोष्टी काढल्या. किती वसतिगृहं उभी केली, मुलींच्या शिक्षणासाठी काय काय सोसलं. त्यांचं बोलणं चांगलं होतं. ते वाईट बोलत असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी चौगुल्यांचं पोट जड होतं, म्हणून त्यांनीही तेच सूप मागवलं. दुसऱ्या चमच्याला ते थबकले. माझ्याकडे बघितलं. मी पाव मोडत राहिले.

जेवण झाल्यावर आप्पासाहेब नातवासाठी लाकडी खेळणं बघायला समोरच्या दुकानात शिरले. चौगुल्यांनी मला बाहेरच थोपवलं.

"मॅडम, काल माझ्या ताटलीत जे होतं ना, त्याचीच चव आज सुपाला होती."

मी दुकानाच्या काचेतून आप्पासाहेबांकडे पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि कालचा कोबी?"

"तोही."

मला वाटलं, आता हा माणूस दुकानात धावेल. चौगुले मात्र भिंतीला टेकले आणि हसू लागले. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर मफलर धरला, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

"ब्याण्णव साली," ते कसेबसे म्हणाले, "माझ्या डब्यात उकडलेलं अंडं निघालं म्हणून या माणसानं स्टाफरूमचं टेबल धुऊन घेतलं होतं. माझ्याकडूनच. एम.टेक. झालेला माणूस मी, बादली घेऊन उभा. चालू द्या मॅडम! उद्या काय आहे? बरं का, मी काही पाहिलं नाही." मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पण तुमचं काय वैर?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांच्या हसण्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी जन्मभर फुंकर घालून जपलेल्या विस्तवावर कुणी येऊन कणीस भाजून घ्यावं, तसं झालं.

वैर सांगायचं तर असं.

माझी आई, यसू तांडेल. आम्ही मालवणाकडचे, दर्यावरचे लोक. वडील समुद्रात गेले ते आले नाहीत, तेव्हा मी चार वर्षांची. कुणाच्या ओळखीनं आई घाटावर आली आणि कृष्णाकाठच्या एका गावात मंडळाच्या मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागली. गावाचं नाव सांगत नाही. पुढे तिथल्या स्वयंपाकीणकाकू थकल्या आणि सगळा स्वयंपाक आईकडेच आला. साठ मुलींचा. तिच्या हाताला चव होती. मुली 'यसूमावशी, यसूमावशी' करत मागे असायच्या.

आईचा नेम कडक होता. तिचं जेवण वेगळं, तिचा ॲल्युमिनियमचा डबा वेगळा, तो ती स्वयंपाकघरात आणायचीसुद्धा नाही. मागच्या धुण्याच्या दगडापाशी झाडाच्या ढोलीत ठेवायची. रविवारी त्यात घरून भाजून आणलेली सुकट असायची. ती खाल्ली की आई राखेनं हात घासायची, वर लिंबाची फोड चोळायची आणि मगच आत पाऊल टाकायची. सात वर्षं. एकदासुद्धा चूक झाली नाही. "ती पोरां इस्वासान जेवतंत," म्हणायची.

एका सोमवारी एका मुलीला आमटीला वास आला. खरंच आला की नाही देव जाणे. ती मंडळाच्या कुणा सभासदाची भाची होती. बिवलकर तेव्हा चाळिशीचे, वसतिगृहाचा कारभार त्यांच्याकडे. ते आले. झाडाच्या ढोलीतला डबा कुणीतरी काढून आणला होता. त्यांनी छडीनं झाकण उघडलं.

मी शाळेतून आले तेव्हा अंगणात साठ मुली ओळीनं उभ्या होत्या. मधे वसतिगृहाची सगळी भांडी, पातेली, पराती, पळ्या, पेले, डोंगरासारखी रचलेली. आणि आई उकिडवी बसून ती चिंच आणि राखेनं घासत होती. एक घासून झालं की बिवलकर म्हणायचे, "पुन्हा." दुपारपासून चालू होतं. दिवस मावळायला आला होता.

"माझो डबो येगळो, सायबानू," आई मान वर न करता सांगत होती. "तुमच्या भांड्यात मी कधी काय घालूक नाय."

"चार वेळा धुतलं तरी वास जायचा नाही," ते मुलींकडे बघून म्हणाले. "भांड्यांचा जाईल एक वेळ. हातांचा कसा जाणार? तो रक्तातच असतो."

मग त्यांनी आईला फाटकाबाहेर काढलं. आम्ही गावी परतलो. आईनं बाजारात सुकी मासळी विकून मला शिकवलं. त्या दिवसाविषयी ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण त्या अंगणातला प्रत्येक "पुन्हा" मी मोजून ठेवला होता.

बुधवारी सकाळी करारावर सह्या झाल्या. फोटो निघाले. संध्याकाळच्या गाडीनं दोघं फ्रँकफर्टला जाऊन विमान पकडणार होते. त्याआधीचं शेवटचं जेवण चर्चच्या मागच्या खानावळीत होतं.

ती जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिथे बसल्या बसल्या टेबलावर काळ्या पावाची परडी येते आणि सोबत मातीच्या वाडग्यात पांढरीशुभ्र, मऊ चरबी. डुकराची, वितळवून, गाळून, थंड केलेली. नवख्याला लोणीच वाटतं. पहिल्या दोन दिवसांची गोष्ट नुसत्या माझ्या शब्दांवर अवलंबून होती, ही डोळ्यांसमोर टेबलावर असणार होती.

आप्पासाहेब खुशीत होते. पावावर चाकूनं जाडसर थर लावून वर मीठ भुरभुरवलं. "काय लोणी आहे हो! आमच्या लहानपणी घरी घुसळायचे, त्याची आठवण झाली. पण हे जास्त चिकट. इथल्या गाईंचं दूध दाट असणार."

चौगुल्यांनी वाडग्याकडे पाहिलं आणि त्यांना ठसका लागला.

मी आप्पासाहेबांना दोन तुकडे पुरते खाऊ दिले. तिसरा त्यांनी हातात घेतला तेव्हा म्हणाले, "आप्पासाहेब, ते लोणी नाही."

"मग?"

"चरबी आहे. डुकराची."

ते हसले. थट्टा वाटली त्यांना. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू हळूहळू विरलं.

"सोमवारचा कोबी हंसाच्या चरबीत होता," मी म्हणाले. माझा आवाज मला हवा होता तसाच निघत होता, शांत, कामावर असतो तसा. "कालच्या सुपात रात्रभर डुकराची कातडी उकळत होती. तुम्ही दोन वाट्या घेतल्या. कोबी मागून घेतलात."

"मॅडम," चौगुले पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "मॅडम, सांगायचं नव्हतं हो..."

"मेहेंदळे हे माझं सासरचं नाव," मी पुढे म्हणाले. "मी यसू तांडेलची मुलगी. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची ती. तुम्ही तिच्याकडून भांडी घासून घेतली होतीत. आठवतं का?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही, हे मी पाहिलं. पावाचा तुकडा त्यांच्या हातातून सुटला. ते उठले, खुर्ची मागे पडली. चौगुले त्यांना धरून आतल्या स्वच्छतागृहाकडे घेऊन गेले. दार लागलं तरी ओकाऱ्यांचा आवाज बाहेर येत होता. शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघू लागलं.

"बरं नाही का त्यांना?" वाढप्यानं विचारलं.

"सवय नाही," मी म्हणाले.

ती दहा मिनिटं माझी होती. आतून प्रत्येक उमासा आला की मी मनात म्हणत होते, पुन्हा. पुन्हा. त्यांच्या ताटलीतला अर्धा तुकडा उचलून मी खाल्ला. खारट, थोडा गोडसर, जिभेवर विरघळणारा. सव्वीस वर्षांत कुठलाच घास मला इतका गोड लागला नव्हता.

आप्पासाहेब परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं, सदऱ्याची कॉलर ओली होती. ते आमच्या टेबलाशी बसले नाहीत. थोड्या अंतरावर एक रिकामी खुर्ची ओढून बसले. मी वाट बघत होते, ओरडण्याची, शापाची, रडण्याची. या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

ते खाकरले.

"त्या दिवशी मी घरी गेलो," ते म्हणाले, "तेव्हा आमच्या मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. तुम्ही तिला त्या भांड्यांत मासळी करताना बघितलंत का? मी म्हटलं, नाही. मग कशावरून, म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती जाईपर्यंत वर्षातून एकदा तरी तो प्रश्न निघायचाच. ती गेली, पण प्रश्न काही गेला नाही. कुठेही चांगलं जेवायला बसलो की ती अंगणातली बाई डोळ्यांपुढे यायची. गेल्या वर्षी माणूस पाठवून मी तुमच्या आईचा पत्ता काढला होता. बाजारात बसतात ना त्या? जाऊन पाय धरावेत असं मनात होतं. धाडस झालं नाही."

मी समोरचा वाडगा बाजूला सारला.

"पोटात गेलं त्याला प्रायश्चित्त आहे," ते म्हणाले. "शास्त्रात सांगितलंय, ते मी घेईन. मनात जे होतं त्याला प्रायश्चित्त सापडत नव्हतं. ते आज तुम्ही काढलंत. बरं झालं तुम्ही भेटलात. म्हणजे मी तेव्हा चुकलो नव्हतो."

"आईनं काही केलं नव्हतं!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खानावळीतली सगळी माणसं गप्प झाली. "एकदाही नाही! राखेनं हात घासायची ती! सात वर्षं तिनं..."

"असेल," आप्पासाहेब म्हणाले. "पण परवा तुम्ही लोण्यात म्हणालात, तेव्हाही अशाच डोळ्यांत बघून म्हणाला होतात."

ते उठले. चौगुल्यांना म्हणाले, "चला. स्टेशनवर आपलं आपण जाऊ." आणि मला हात जोडून नमस्कार केला. त्यात टोमणा नव्हता. खांद्यावरचं ओझं उतरलेला माणूस करतो तसा तो नमस्कार होता. दाराबाहेर पडताना त्यांची पाठ मला पहिल्या दिवसापेक्षा ताठ वाटली.

चौगुल्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग मफलर गुंडाळून त्यांच्या मागोमाग गेले.

एजन्सीकडे तक्रार जाईल म्हणून मी कितीतरी दिवस वाट बघितली. गेली नाही. उलट, सोबत उत्तम होती असं मंडळाच्या छापील कागदावर पत्र आलं.

त्या दुपारी मात्र मी घरी न जाता नदीवरच्या पुलावर उभी राहून आईला फोन लावला. तिकडे दिवेलागण होऊन गेली होती. का लावला ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक मला कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं, आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"काय गो सुलू? जेवलंस?" आईनं नेहमीसारखं विचारलं.

मी सगळं सांगितलं. नाव, तीन जागा, कोबी, सूप, वाडगा. ती मधे बोलली नाही. फक्त एकदा, "तेना खाल्ल्यान?" म्हणाली.

"मागून घेऊन खाल्लं."

"आणि तू तेका सांगलंस? माझ्या नावानिशी?"

"सांगितलं."

"काय म्हणालो?"

ते सांगायला मला वेळ लागला. तुकड्या तुकड्यानं सांगितलं. बायकोचा प्रश्न, पत्ता, पाय धरायचे होते ते, आणि शेवटचं वाक्यही. माझ्या खालून नदी वाहत होती आणि फोन तुटला असं वाटून मी दोनदा हाक मारली.

"हय आसय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "म्हणजे इतकी वर्सा तेका संशय होतो?"

"हो."

"जेवताना मी दिसय तेका?"

"असं म्हणाला."

"मगे माझा काम झाला होता गो," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात दिवसभर बसून एक वाटासुद्धा विकला गेला नाही की ती असं बोलायची. "मी करूक नाय, ह्या माका ठाऊक होता. आणि तो सुखान जेवूक शकत नाय होतो. माका तेवढा पुरे होता, सुलू. तू कशाक गेलंस ता काढूक?"

तिनं परत विचारलं नाही. फोन कानाला लावून आम्ही दोघी उभ्या होतो. तिच्याकडे कुणीतरी भाकरीला पीठ मळत असल्याचा परातीचा आवाज येत होता, तो मी पैसे संपेपर्यंत ऐकत राहिले.